तोंडावाटे एल-आर्जिनिन आणि गुदस्नायूंचा दाब : एका छोट्या चाचणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात एका निवासी डॉक्टरने एम.एस.च्या प्रबंधासाठी जो विषय निवडला, त्याची आणि त्या विषयाला पुढे मिळालेल्या वळणांची ही नोंद आहे. महाविद्यालयातल्या संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या एथिक्स कमिटीचा सदस्य या नात्याने मी हे प्रकरण पहिल्या आराखड्यापासून शेवटच्या अहवालापर्यंत पाहिले. संस्था आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र घडली तशीच ठेवली आहेत.

तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाने गुदस्नायूंचा दाब उतरतो का, हा तो विषय. त्याचे मूळ फिशरमध्ये आहे. गुदद्वाराच्या आतल्या नाजूक त्वचेला पडणारी ही उभी चीर अतिशय वेदनादायक असते, आणि आपल्याकडे बहुतेक रुग्ण ती मूळव्याध समजून कित्येक महिने अंगावर काढतात. चीर जुनी झाली की ती भरून न येण्यामागे एक दुष्टचक्र असते. गुदमार्गाभोवती स्नायूंची दोन वलये असतात. बाहेरचे वलय आपल्या इच्छेने आवळता येते. आतले वलय अनैच्छिक असते, ते सतत काहीसे आवळलेलेच राहते, आणि विश्रांतीच्या वेळी गुदमार्गात जो दाब असतो त्याचा मोठा वाटा या आतल्या स्नायूचा असतो. जुन्या फिशरच्या अनेक रुग्णांत हा दाब वाढलेला आढळतो. दाब जितका जास्त तितका त्या भागातल्या त्वचेला होणारा रक्तपुरवठा कमी, आणि बहुतांश फिशर ज्या ठिकाणी होतात त्या मागच्या मध्यरेषेवर तो मुळातच तुटपुंजा असतो. रक्त पोहोचत नाही म्हणून चीर भरत नाही, चीर दुखते म्हणून स्नायू आणखी आवळतो, आणि शौचाला जाण्याच्या भीतीने मलावरोध वाढत जातो.

म्हणूनच फिशरच्या उपचारांचा मोठा भाग हा दाब उतरवण्याभोवती फिरतो. शस्त्रक्रियेत आतल्या स्नायूचा काही भाग कापतात. तिचा गुण चांगला येतो, पण थोड्या रुग्णांना नंतर वायू किंवा मल रोखता न येण्याचा त्रास होऊ शकतो. ही भीती टाळण्यासाठी १९९० च्या दशकात मलमे पुढे आली. त्यांच्यामागचे शास्त्र नायट्रिक ऑक्साइडचे आहे. नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्या सैल करणारा शरीरातला निरोप्या आहे या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आतल्या गुदस्नायूला सैल होण्याचा संदेश देणाऱ्या मज्जातंतूंचे मुख्य रसायनही हेच असल्याचे त्याच दशकाच्या सुरुवातीच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले होते. नायट्रोग्लिसरीनचे मलम लावले की ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि स्नायू सैल होतो. पण तेच रसायन डोक्यातल्या रक्तवाहिन्याही रुंदावते, म्हणून अनेक रुग्णांचे डोके इतके दुखते की ते मलम अर्ध्यावर सोडून देतात. डिल्टियाझेमचे दोन टक्क्यांचे मलम वेगळ्या मार्गाने काम करते आणि त्याने डोके दुखण्याचे प्रमाण नायट्रोग्लिसरीनपेक्षा कमी असते, म्हणून आज बऱ्याच ठिकाणी आधी तेच दिले जाते.

आर्जिनिन हे अमिनो आम्ल या साखळीत एक पायरी मागे आहे. शरीरातले एक एन्झाइम आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड आणि सिट्रुलिन बनवते. हे १९८८ मध्ये साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशींत दाखवून दिले. मग नायट्रिक ऑक्साइड बाहेरून देण्याऐवजी त्याचा कच्चा माल दिला तर स्नायू सैल होईल आणि डोकेदुखीही टळेल, अशी कल्पना सुचणे स्वाभाविक होते. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील शल्यविशारदांनी निरोगी स्वयंसेवकांना आर्जिनिनचे जेल लावून विश्रांतीचा दाब घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्धही केले होते.

प्रश्न कसा उभा राहिला

विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात येणाऱ्या एका तरुण रुग्णाने नायट्रोग्लिसरीनचे मलम डोकेदुखीमुळे सोडले होते. काही आठवड्यांनी तपासणीला आला तेव्हा, व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून आपण आर्जिनिनची भुकटी घेतो आणि तेव्हापासून दुखणे निम्म्याने कमी झाले आहे, असे त्याने सांगितले. अशा पूरक पदार्थांचे डबे औषधांच्या दुकानांतही सहज मिळतात. निवासी डॉक्टरने याची नोंद घेतली, वाचन केले, आणि मार्गदर्शक मॅडमना विचारले की हाच प्रबंधाचा विषय का असू नये. विभागात गुदमार्गाचा दाब मोजण्याचे मॅनोमेट्रीचे यंत्र होते, पण त्याचा वापर फारसा होत नव्हता. मॅडमनी होकार दिला.

त्या तरुणाच्या अनुभवाकडे मी तेव्हाही थोडे वेगळ्या नजरेने पाहिले होते आणि आजही तसेच पाहतो. भुकटी सुरू केली त्याच सुमारास त्याने इसबगोल नियमित घ्यायला, भरपूर पाणी प्यायला आणि दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसायला सुरुवात केली होती. जुन्या फिशरच्या चाचण्यांत नुसते निष्क्रिय, म्हणजे औषध नसलेले मलम मिळालेल्या रुग्णांपैकीही साधारण एक-तृतीयांश बरे होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या परीक्षणातून ठाऊक आहे. त्यामुळे त्याच्या सांगण्यात खोटे काहीच नसले तरी त्यातून आर्जिनिनबद्दल काहीही सिद्ध होत नव्हते. प्रश्न विचारण्यापुरता मात्र तो पुरेसा होता, आणि प्रश्न चांगला होता.

पहिला आराखडा

पहिल्या आराखड्यात जुन्या फिशरच्या तीस रुग्णांना रोज दहा ग्रॅम आर्जिनिन सहा आठवडे द्यायचे, आधी आणि नंतर दाब मोजायचा, आणि दाब किती घटला व किती चिरा भरल्या ते नोंदवायचे, असे ठरवले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मलमे या काळात बंद ठेवायची होती, म्हणजे ज्या उपचाराचा गुण माहीत आहे तो थांबवून ज्याचा गुण माहीत नाही तो द्यायचा होता.

कमिटीने हा आराखडा परत पाठवला, आणि तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते. त्यातल्या तीन अडचणी गंभीर होत्या. पहिली म्हणजे, वेदनेत असलेल्या माणसाला सहा आठवडे सिद्ध उपचारापासून दूर ठेवण्याला सबळ कारण नव्हते. दुसरी अडचण अशी की तुलनेचा गट नसल्यामुळे निसर्गतः बरे होणाऱ्या रुग्णांचे श्रेयही आर्जिनिनला गेले असते. तिसरी अडचण सुरक्षिततेची होती, आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली. आर्जिनिन अन्नातून मिळते, दुकानात सहज मिळते, म्हणून ते निरुपद्रवी आहे, असा आराखड्याचा सूर होता. कमिटीतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या त्या चाचणीची आठवण करून दिली जिचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांपैकी काहींना आर्जिनिन आणि काहींना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. रोजचे उद्दिष्ट नऊ ग्रॅमचे होते. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणी पुढे नेणे थांबवावे लागले. फिशरचे बहुतेक रुग्ण तरुण असतात, त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. पण पन्नाशीच्या पुढचा, मधुमेह असलेला, हृदयाची तपासणी कधीच न झालेला रुग्णही याच कक्षात येतो, आणि आराखड्यात त्याला वगळण्याची कुठेच तरतूद नव्हती.

तोललेले पर्याय

यानंतर विभाग आणि कमिटी यांच्यात दोन बैठका झाल्या. पहिला पर्याय विषयच सोडून देण्याचा होता. निवासी डॉक्टरपुढे विद्यापीठाला आराखडा सादर करण्याची मुदत होती, आणि मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेच्या दोन पद्धतींची तुलना यांसारखे सोपे, अनेकदा झालेले विषय हाताशी होते. मॅडमना तो पर्याय मान्य नव्हता; प्रबंधातून विद्यार्थी काय शिकतो हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते, आणि या विषयातून तो मोजमाप म्हणजे काय ते शिकेल असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा पर्याय रुग्णांवरच, पण नीट तुलनात्मक चाचणी करण्याचा होता, म्हणजे सर्वांना डिल्टियाझेमचे मलम द्यायचे आणि त्यावर निम्म्यांना आर्जिनिन, निम्म्यांना निष्क्रिय भुकटी. नैतिकदृष्ट्या हा पर्याय स्वच्छ होता. पण मलमाने दाब आधीच उतरलेला असताना आर्जिनिनचा लहानसा वाटा वेगळा काढायला फार मोठी रुग्णसंख्या लागली असती, आणि एका निवासी डॉक्टरच्या तीन वर्षांत ती जमणे शक्य नव्हते. शिवाय एखाद्या आजारावरचा उपचार म्हणून पूरक पदार्थ तपासायचा झाला की तो केवळ अन्नपदार्थ राहत नाही. औषधांच्या चाचण्यांना लागू असलेल्या २०१९ च्या नियमांचा प्रश्न उभा राहतो, आणि विभागाची ती तयारी नव्हती.

तिसरा पर्याय निरोगी स्वयंसेवकांवर एकाच मात्रेची छोटी शारीरक्रियात्मक चाचणी करण्याचा. तिच्यातून फिशर बरे होते की नाही याचे उत्तर मिळणार नव्हते. मिळणार होते ते फक्त एवढेच, की तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनने पुढच्या दोन-तीन तासांत गुदमार्गाचा विश्रांतीचा दाब हलतो का. निवासी डॉक्टरला सुरुवातीला हे फारच थोडे वाटले. पण आधी हा छोटा प्रश्न सुटल्याशिवाय मोठा विचारण्यात अर्थ नाही, हे मॅडमनी त्याला पटवले, आणि हाच पर्याय ठरला.

मात्रा आणि भुकटी

ठरल्यानंतर एक बाब उघड झाली, जी पहिल्या आराखड्यात कुणाच्याही लक्षात आली नव्हती. आराखड्यात दहा ग्रॅम आर्जिनिन असे लिहिले होते, पण बाजारातली भुकटी दोन रूपांत मिळते, शुद्ध आर्जिनिन आणि आर्जिनिन हायड्रोक्लोराइड. दुसऱ्या रूपाच्या वजनात आर्जिनिनचा वाटा सुमारे ८३ टक्केच असतो. म्हणजे दहा ग्रॅम हायड्रोक्लोराइड दिले तर प्रत्यक्ष आर्जिनिन सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास मिळते. कमिटीवरच्या औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे दाखवून दिले, आणि त्याचबरोबर मात्रेची वरची सीमाही आखून दिली. एका वेळी नऊ ग्रॅमच्या वर आर्जिनिन घेतल्यास मळमळ आणि जुलाब होण्याची शक्यता वाढते. गुदमार्गाचा दाब मोजण्याच्या चाचणीत जुलाब ही केवळ गैरसोय नसते. गुदाशयात पातळ मल उतरला की आतला स्नायू प्रतिक्षिप्तपणे सैल होतो, बाहेरचा स्नायू माणूस जोराने आवळून धरतो, आणि मोजलेला आकडा नेमका कशाचा हे सांगताच येत नाही. शेवटी हायड्रोक्लोराइडच्या रूपात, प्रत्यक्ष आर्जिनिन आठ ग्रॅमपेक्षा जास्त होणार नाही अशी मात्रा ठरली.

यातही एक खरी मर्यादा होती, आणि ती मान्य करूनच पुढे जायचे ठरले. तोंडावाटे घेतलेले आर्जिनिन सगळे रक्तात पोहोचत नाही; आतड्याच्या अस्तरातले आणि यकृतातले आर्जिनेज नावाचे एन्झाइम त्याचा मोठा भाग तिथेच मोडून टाकते, आणि रक्तात किती पोहोचेल हे माणसागणिक बदलते. जेल थेट जागेवर लावल्याने दिसलेला परिणाम तोंडावाटे दिसेलच असे म्हणूनच गृहीत धरता येत नव्हते.

निष्क्रिय भुकटी कोणती द्यायची हाही साधा प्रश्न नव्हता. आर्जिनिनला कडवट, नकोशी चव असते. साखर मिसळलेले पाणी दिले तर स्वयंसेवक पहिल्याच घोटात ओळखेल. आर्जिनिनच्या अनेक चाचण्यांत तुलनेसाठी अॅलॅनिन हे दुसरे अमिनो आम्ल वापरले जाते, कारण त्यातूनही शरीराला नायट्रोजन मिळतो, पण नायट्रिक ऑक्साइड बनत नाही. तेच निवडले गेले, आणि दोन्ही पुड्यांत लिंबाची तीव्र चव आणि कडवटपणासाठी थोडे क्विनाइनयुक्त टॉनिक वॉटर घालण्याची सूचना आली. क्विनाइनचा स्वतःचा स्नायूंवर परिणाम असू शकतो म्हणून कमिटीने ती नाकारली. त्याऐवजी थंड लिंबूपाण्यात मिसळून नळीने पटकन पिण्याची पद्धत ठरली. स्वयंसेवकाला कोणत्या दिवशी काय मिळाले असावे असे वाटते, हे प्रत्येक वेळी विचारून नोंदवायचे, हेही ठरले. चव लपवता येत नसेल तर निदान ती किती लपली नाही हे तरी कळायला हवे होते.

स्वयंसेवक कोण असावेत

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, माझ्या मते, हा होता. निवासी डॉक्टरच्या मनात स्वयंसेवक म्हणजे इंटर्न आणि एम.बी.बी.एस.चे विद्यार्थी होते. ते कॅम्पसवर राहतात, समजूतदार असतात आणि लगेच मिळतात. पण मोजणी गुदमार्गात नळी घालून होणार होती, ती विभागातलेच शिक्षक पाहणार होते, आणि हेच शिक्षक पुढे त्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेणार होते. असा विद्यार्थी नाही म्हणू शकतो का? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांची गणना अशाच असुरक्षित गटांत केली आहे, जिथे नकार देणे अवघड जाते. वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचारी यांच्याबाबत हा दबाव आणखी वाढतो, कारण तिथे नोकरीचा प्रश्न असतो.

कमिटीतल्या सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधी, ज्या निवृत्त शिक्षिका होत्या, यांनी या मुद्द्यावर ठाम भूमिका घेतली. त्यांचे म्हणणे असे की शरीराच्या ज्या भागाबद्दल घरातसुद्धा कुणी बोलत नाही, त्याची तपासणी ओळखीच्या सरांसमोर करून घ्यायला मुलगा किंवा मुलगी होकार देईल, पण तो होकार त्यांचा असणार नाही. मला हे म्हणणे पूर्ण पटले. विभागातील व महाविद्यालयातील विद्यार्थी आणि रुग्णालयाचे कर्मचारी वगळायचे, शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि दोन बँकांच्या सूचनाफलकांवर आवाहन लावायचे, इच्छुकांनी विभागाबाहेरच्या एका समुपदेशकाला फोन करायचा, आणि प्रवासखर्च व बुडालेल्या दिवसाची भरपाई एवढीच रक्कम द्यायची, असे ठरले. नळी घालणारी व्यक्ती स्वयंसेवकाच्याच लिंगाची असावी, खोलीत आणखी एकापेक्षा जास्त माणूस नसावा, आणि कोणत्याही क्षणी थांबवा म्हटले की कारण न विचारता थांबवावे, हेही लेखी आले.

याची किंमत मोजावी लागली. अपेक्षा वीस जणांची होती. सगळे निकष लावून बाराच मिळाले, आणि त्यांत दोनच स्त्रिया होत्या. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाबाच्या गोळ्या, नायट्रेट किंवा सिल्डेनाफिलसारखी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे, गर्भारपण आणि गुदमार्गाची पूर्वीची शस्त्रक्रिया असलेल्यांना वगळले होते. पहिला स्वयंसेवक घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदणी झाली. एप्रिल २०१८ पासून ही नोंदवही चाचणी सुरू झाल्यानंतरची नोंदणी स्वीकारत नाही, त्यामुळे इथे दिरंगाईला वाव नव्हता.

औषधाविना तालीम

चाचणीच्या आधी मॅडमनी एक अट घातली, जिच्यामुळे पुढचे सगळे बदलले. निवासी डॉक्टरने आधी काहीही न देता मोजणीचा सराव करायचा. ज्या रुग्णांची मॅनोमेट्री इतर कारणांसाठी होणारच होती त्यांच्यापैकी तयार असलेल्यांना वेगळी संमती घेऊन आणि कमिटीच्या परवानगीने, तीच नळी ठेवून थोड्या थोड्या वेळाने विश्रांतीचा दाब पुन्हा मोजायचा.

या सरावात बहुतेकांचा दाब दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीत पहिल्यापेक्षा कमी आला. कुणालाही काहीही दिलेले नव्हते. कारण समजायला कठीण नाही. डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाला नळी आत जाताना संकोच वाटतो, भीती वाटते, तो बाहेरचा स्नायू नकळत आवळून धरतो. थोडा वेळ गेला, काही दुखत नाही हे कळले, की तो सैल सोडतो. पहिल्या आराखड्याप्रमाणे आधी एकदा आणि नंतर एकदा दाब मोजला असता, तर हा उतार पूर्णपणे आर्जिनिनच्या नावावर जमा झाला असता, आणि प्रबंधात यश म्हणून छापलाही गेला असता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट चाचणीच्या आधीची ही तालीमच होती.

तालमीत आणखी एक गोष्ट दिसली. दाब एका जागी थांबत नाही. तो मिनिटाला दहा-वीस छोट्या लाटांनी हलतो, आणि ज्यांचा दाब जास्त असतो अशा काहींत मिनिटाला एक-दोन मोठ्या, संथ लाटा येतात. कुणी लाटेच्या शिखरावरचा आकडा घेतला आणि कुणी तळाचा, तर एकाच माणसाची दोन वेगळी मूल्ये नोंदली जातील. यामुळे नियम ठरवले गेले. गुदमार्गाच्या मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडलेल्या आणि लंडन वर्गीकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, नळी बसवल्यावर तीन मिनिटे थांबायचे आणि मग साठ सेकंदांच्या नोंदीची सरासरी घ्यायची असे आहे. विभागाने तेच स्वीकारले, फक्त पहिल्यांदा थांबण्याचा वेळ पंधरा मिनिटांपर्यंत वाढवला, आणि मोजणी वाचणाऱ्या व्यक्तीला कोणत्या दिवशी कोणती पुडी होती हे कळणार नाही अशी व्यवस्था केली.

प्रत्यक्ष चाचणी

प्रत्येक स्वयंसेवक दोनदा आला, दोन भेटींमध्ये एक आठवड्याचे अंतर ठेवून. एका दिवशी आर्जिनिन, दुसऱ्या दिवशी अॅलॅनिन. क्रम चिठ्ठ्यांनी, आणि चिठ्ठ्या विभागाबाहेर ठेवलेल्या. दोन्ही दिवशी वेळ सकाळचीच, आदल्या रात्रीचे जेवण सारखे, आणि सकाळी साधा एनिमा. भुकटी घेण्यापूर्वी आणि नंतर एक तास, दोन तास आणि तीन तासांनी दाब मोजला. तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनची रक्तातली पातळी साधारण पहिल्या एक-दोन तासांत वर जाते. रक्तदाब व नाडी दर अर्ध्या तासाला. एका स्वयंसेवकाला पहिल्याच भेटीत मळमळ झाली आणि त्याने पुढे यायचे नाही असे ठरवले. त्याला कारण विचारले गेले नाही, आणि भरपाई पूर्ण देण्यात आली. बाकी अकरा जणांनी दोन्ही भेटी पूर्ण केल्या.

निष्पत्ती

दोन्ही दिवशी दाब पहिल्या तासात थोडा उतरला आणि नंतर तिथेच रेंगाळला. आर्जिनिनच्या दिवशीचा उतार सरासरीने किंचित जास्त होता, पण एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या सुरुवातीच्या दाबांत जो फरक दिसला होता त्यापेक्षा तो लहान होता. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या मते या आकड्यांवरून परिणाम आहे असेही म्हणता येत नव्हते आणि नाही असेही. कुणाचाही रक्तदाब धोक्याच्या पातळीला गेला नाही. दोन जणांना पातळ शौचास झाले, दोन्ही आर्जिनिनच्या दिवशी. आणि अकरापैकी सात जणांनी कोणत्या दिवशी कोणती भुकटी होती हे अचूक ओळखले; नुसत्या अंदाजानेही साधारण निम्मे बरोबर येतात, त्यामुळे चव किती लपली होती हे यावरून ठामपणे सांगता येत नव्हते.

प्रबंध याच स्वरूपात सादर झाला. परीक्षकांपैकी एकांनी तोंडी परीक्षेत विचारले की निष्कर्षच नसेल तर प्रबंधाचा उपयोग काय. निवासी डॉक्टरने उत्तरादाखल तालमीतला आलेख दाखवला आणि सांगितले की एका मोजणीवरून आधी-नंतर अशी तुलना करणारा पुढचा अभ्यास कोणत्या आकड्यापेक्षा मोठा फरक दिसल्याशिवाय विश्वासार्ह ठरणार नाही, हे आता विभागाला ठाऊक आहे. प्रबंध मान्य झाला.

ज्या तरुणामुळे प्रश्न निर्माण झाला होता, त्याला दरम्यान डिल्टियाझेमचे मलम देण्यात आले. भुकटी थांबवावी की नाही हे त्याच्यावर सोडले, मात्र तिच्याबरोबर कोणतेही नायट्रेट घेऊ नये आणि छातीत दुखल्यास ही भुकटी घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे, असे त्याला स्पष्ट समजावले. चीर भरली. भुकटीने, मलमाने की इसबगोलाने, हे त्याच्या बाबतीत सांगता येणार नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी उणीव अशी की चाचणीत तिसरा दिवस नव्हता. एखाद्या भेटीत नायट्रोग्लिसरीनचे मलम लावले असते, ज्याने दाब उतरतो हे आधीच ठाऊक आहे, तर आपली मोजणी असा उतार पकडू शकते की नाही हे कळले असते. त्या दिवशीही फरक दिसला नसता, तर दोष मोजणीचा ठरला असता. दिसला असता, तर आर्जिनिनबद्दलच्या शंकेला वजन आले असते. स्वयंसेवकांना डोकेदुखी होईल आणि तीन भेटींना कुणी येणार नाही, या दोन कारणांनी तो दिवस वगळला गेला. पहिले कारण मला मान्य आहे, दुसरे नाही. दोन भेटींना आलेल्यांपैकी बरेच जण तिसरीला आले असते असे समुपदेशकांशी झालेल्या त्यांच्या बोलण्यावरून वाटते.

दुसरी उणीव रक्तातल्या आर्जिनिनची पातळी न मोजण्याची. ती तपासणी महाग होती आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागली असती, पण तिच्याविना हे कळायला मार्ग राहिला नाही की स्नायूपर्यंत काही पोहोचलेच नाही, की पोहोचूनही स्नायूने दाद दिली नाही. आर्जिनिनऐवजी सिट्रुलिन द्यावे का, हा विचारही उशिरा आला. सिट्रुलिन यकृतात तसे मोडत नाही, मूत्रपिंडात त्याचे आर्जिनिन बनते, आणि रक्तातली आर्जिनिनची पातळी त्याने अधिक चांगली वाढते.

निरोगी माणसाचा स्नायू मुळात जास्त आवळलेला नसतो, त्यामुळे त्याच्यात उताराला जागाच कमी असते, हा आक्षेपही रास्त आहे. फिशरच्या रुग्णांत चित्र वेगळे असू शकेल. पण त्यांच्यावर चाचणी करण्याआधी चालू उपचार न थांबवता ती कशी करायची याचे उत्तर द्यावे लागेल, आणि दाबाबरोबरच वेदना व चीर भरणे हेही मोजावे लागेल. रुग्ण कक्षात येतो तो दाब जास्त आहे म्हणून नव्हे, दुखते म्हणून.

विभागाने त्यानंतर मॅनोमेट्रीवर आधारलेल्या प्रत्येक नव्या आराखड्यासाठी औषधाविना पुनर्मोजणी बंधनकारक केली आहे. पुढच्या वर्षीच्या निवासी डॉक्टरने स्त्रियांत बाळंतपणानंतर गुदस्नायूंचा दाब तपासण्याचा विषय घेतला, आणि तिच्या आराखड्याच्या पहिल्याच पानावर एकाच दिवसातल्या आणि दोन दिवसांतल्या मोजणीतला फरक आधी नोंदवण्याची तरतूद होती. कमिटीने तो आराखडा एकाच बैठकीत मान्य केला.